नवे दात, जुनी चेन

चारकोपमध्ये गिअरची सायकल चालवणारा माणूस एक तर हौशी असतो, नाही तर नुकताच राहायला आलेला. खाडीकाठची ही सपाट वस्ती. इथला सर्वांत मोठा चढ म्हणजे गतिरोधक, आणि तो चढायला २१ गिअर नव्हे, शाबूत कंबर लागते. म्हणून पाववाला, इस्त्रीवाला, किटली लटकवलेला चहावाला आणि मी, आम्ही सगळे पुढे ४४ आणि मागे १८ दातांवर भागवतो.

यात मेख एवढीच, की गिअरवाल्यांची झीज सात-आठ चक्रांत वाटली जाते. आमचा सगळा भार मागच्या त्या एकट्या चक्रावर, म्हणजे फ्रीव्हीलवर. ते बिचारं तक्रार करत नाही. एके दिवशी नाक्यावर सिग्नल सुटतो, आपण उभं राहून जोर लावतो, आणि चेन ‘कट्’ करून एक दात ओलांडते. पाय हवेत, छाती हँडलवर, आणि मागचा रिक्षावाला आपल्या सात पिढ्यांची आस्थेने चौकशी करतो.

माझंही तेच झालं, आणि मी सायकल मेकॅनिककडे नेली. ‘‘पहले कुत्ता देखता हूं,’’ तो म्हणाला. कुत्रा म्हणजे फ्रीव्हीलच्या पोटातली खिट्टी. पाय थांबवले की ती टिकटिकत घसरते, पायडल मारलं की खाचेत अडकून चाक फिरवते. ती गेली की पायडल नुसतंच गरगरतं. त्याने कान देऊन ऐकलं आणि जाहीर केलं, ‘‘कुत्ता जिंदा है, अंकल!’’ शेजारून पॉमेरेनियन घेऊन चाललेल्या बाईंनी दचकून पट्टा ओढला.

गेले होते ते दात. टोकं अणकुचीदार, एका अंगाला कललेली. मधल्या खाचा लांबट. मग त्याने चेनवर फूटपट्टी धरली. अर्ध्या इंचाच्या २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. माझी पिन आकड्याच्या चांगली अष्टमांश इंच पुढे. चेन ताणून लांबत नाही, तिच्या पिना झिजतात आणि प्रत्येक कडी थोडी थोडी सैल होते. ‘‘नये दांत पे पुराना चेन नहीं चलेगा. नया भी खा जाएगा.’’

‘‘नवीनच घ्या की,’’ असं सोसायटीतल्या ज्यांनी सुचवलं, त्यांपैकी एकाकडेही सायकल नव्हती. ॲटलास सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तरी त्या सायकलींना फ्रीव्हील आजही मिळतं, कारण साध्या सायकलींचे आटे एकाच मापाचे. दीडशे रुपयांत काम होत असताना सायकल कशाला टाकायची?

जुनं काढणं मात्र सोपं नव्हतं. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं आणि प्रत्येक पायडलागणिक आणखी आवळत जातं. म्हणजे इतकी वर्षं मी घातलेला प्रत्येक जोर, त्यात दिवाळीनंतरचं वाढीव वजनही आलं, तिथे जमा झालेला. छिन्नी खाचेवर, हातोडा छिन्नीवर, बघे फुटपाथवर. कुणी म्हणालं रॉकेल टाका, कुणी म्हणालं उलटं फिरवा. ते तो आधीपासून उलटंच फिरवत होता. शेवटी ‘कर्र’ झालं आणि ते सुटलं. त्याने आट्यांना बोटभर ग्रीस लावलं आणि नवं हातानेच फिरवून बसवलं. पुढचं आवळणं माझं वजन करणार होतं.

मग नवी चेन. मग नव्या चेनला पुढचं चेनव्हील खटकलं. दीडशेचं काम हजाराकडे निघालं.

मला नवल वाटलं नाही. चारकोप उभं राहिलं तेच असं. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे प्लॉट आखून दिले, पाणी-गटाराची सोय केली आणि घरं लोकांवर सोडली. आधी पत्र्याची खोली. मग पत्रा जाऊन स्लॅब आला, स्लॅब आल्यावर जिना हवा झाला, जिना झाल्यावर वरची खोली. एक वस्तू बदलून थांबलेला माणूस इथे शोधून सापडायचा नाही.

हे तत्त्वज्ञान मी घरी सविस्तर सांगितलं. खर्चाचं समर्थन त्याशिवाय कसं होणार? बायकोने शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘पटलं,’’ ती म्हणाली. ‘‘मग किचनचा नळ बदलताय ना उद्या? नव्या नळाला जुनं सिंक चालणार नाही. सिंक काढलं की ओटा आलाच.’’

फूटपट्टी तिच्या हातात होती.