कोळिणीचा आहेर

अमेरिकेतल्या पेट शॉपमध्ये चिलीची रोझ टॅरंट्युला घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला कोळिणीसोबत अख्खा आहेर बांधून मिळतो: गरम होणारा दगड, पाण्याच्या वाटीत ठेवायला स्पंज, उंच काचपेटी आणि रोज फवारा मारायचा सल्ला. ही बया मूळची चिलीच्या कोरड्या झुडुपी रानातली, बिळात राहणारी. घरातली साधी ऊब तिला पुरते आणि ओली माती तिला नकोशी होते. उंच पेटीत ती काचेवर चढते, पडली तर पोट फुटून मरू शकते. स्पंज नसेल तर ती बुडेल, असा दुकानदाराचा युक्तिवाद. पण ती उथळ वाटीतून सरळ पाणी पिते. स्पंजात वाढतात ते जंतू. 'इतकी वर्षं असंच विकतोय, कुठे मरतात?' हा दुसरा मुद्दा जरा वजनदार. मात्र ही जात महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते, मादी वीस वर्षंही जगते. तिची सोशिकता दुकानदार स्वतःच्या अकलेच्या खाती जमा करतो. कात टाकताना ती उताणी पडते, हे मात्र काउंटरवर कुणी सांगत नाही. मग गिऱ्हाईक तिला मेली समजून कचऱ्यात टाकतं आणि दुसरी घ्यायला त्याच दुकानात येतं. दगड आणि स्पंज घरी आहेतच.