शिवतक्रार बुद्रुक

महाराष्ट्रात तळेगावं उदंड आहेत. मावळात तळेगाव दाभाडे, संगमनेरात तळेगाव दिघे, अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर, वर्ध्याकडे तळेगाव श्यामजीपंत आणि शिरूर तालुक्यात, वेळ नदीच्या काठी, आमचं तळेगाव ढमढेरे. तळं दिसलं की गाव वसवायचं आणि गाव वसलं की त्याला तळेगाव म्हणायचं, एवढ्यावर पूर्वजांनी कल्पनाशक्तीचा कारभार आटोपला. पंचाईत झाली ती वसुलीच्या कारकुनाची. कुठल्या तळेगावानं सारा भरला आणि कुठल्यानं बुडवला, हे वहीत कळेना. मग त्यानं एकेका गावाला शेपूट चिकटवून दिलं. सेनापती दाभाड्यांचं ते दाभाडे, सरदार ढमढेऱ्यांचं ते ढमढेरे.

यात दाभाडे फायद्यात राहिले. खंडेराव दाभाड्यांना १७१७ साली शाहू महाराजांनी सेनापतिपद दिलं, पुढे इंग्रजांनी त्यांच्या गावाला रेल्वे स्टेशन दिलं. आमच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. त्यामुळे लग्नपत्रिकेवर नुसतं ‘तळेगाव’ छापलं की निम्मं वऱ्हाड लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसतं आणि अक्षता पडायच्या वेळेला फोन करून विचारतं, ‘स्टेशनवर उतरलोय, आता कुणीकडं?’ त्यातून पाटी रंगवणाऱ्याला जागा कमी पडली की तो बुद्रुकचं ‘बु.’ करतो, खुर्दचं ‘खु.’ करतो आणि आमचं करतो ‘तळेगाव ढ.’ अख्खं गाव एका अक्षरात नापास.

तालुक्याच्या गावाची गत वेगळी नाही. बीडला शिरूर कासार, लातूरला शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद. म्हणून आमच्या शिरूरला घोडनदीच्या ओळखीवर दिवस काढावे लागतात. लोकसभेच्या शिरूरनं तर कमाल केली आहे. ते एकीकडे जुन्नरला आणि दुसरीकडे हडपसर-भोसरीला जाऊन टेकलंय. भोसरीतला मतदार दर पाच वर्षांनी शिरूरचा खासदार निवडतो आणि शिरूरला जायला गाडी कुठून सुटते, हे त्याला गुगलला विचारावं लागतं.

पण शेपटांना हसण्याआधी त्या जुन्या कारकुनाला एक मुजरा घातला पाहिजे. त्याच्या नावांत दोन शब्दांत गावाचा अख्खा सातबारा असे. तालुक्यातच बघा. गणेगाव खालसा आणि गणेगाव दुमाला. खालसा म्हणजे सारा थेट सरकारजमा. दुमाला म्हणजे महसुलात सरकारखेरीज आणखी कुणाचा तरी वाटा. जातेगाव बुद्रुक म्हणजे थोरलं, जातेगाव खुर्द म्हणजे धाकटं. आलेगावाला ‘पागा’ लावलं, म्हणजे इथं घोडी. रांजणगाव सांडस म्हणजे जुन्या सांडस तर्फेतलं, उगाच अष्टविनायकाची गर्दी इकडे वळायला नको. गणपतीचं रांजणगाव वेगळं. कवठे म्हटल्यावर येमाई आणि कान्हूर म्हटल्यावर मेसाई, म्हणजे पत्ता चुकला तरी निदान दर्शन घडेल.

आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे शिवतक्रार म्हाळुंगी. हे नाव आम्ही रचलेलं नाही, सरकारदप्तरी आहे. शीव म्हणजे गावाची हद्द, आणि तक्रार म्हणजे तक्रार. हद्दीचा वाद काही मिटत नाही असं दिसल्यावर कुणीतरी तो वादच गावाच्या नावात टाकून दिला. समिती नेमली नाही, मुदतवाढ दिली नाही, ‘सामंजस्याचं वातावरण आहे’ असं पत्रक काढलं नाही. भांडण आहे ना, मग लिहा भांडण! इतकं खरं बोलणारं सरकारी कागदपत्र आजच्या तारखेला काढून दाखवा, आम्ही हे सदर बंद करतो.

उरलेला तालुका हा वनस्पतिशास्त्राचा तास आहे. पिंपळे, पिंपरखेड, निमगाव, बाभुळसर, वडगाव, वडनेर, चिंचणी, जांबूत, हिवरे. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून बोलवावीत अशी नावं. झाडं रस्तारुंदीकरणात गेली, नावं राहिली. नावाला रुंदीकरण लागू नसतं.

इथवर ठीक होतं. पण अलीकडे गावोगावी एक नवा उद्योग निघालाय : मूळ नावाचा शोध. यात दोन शाखा आहेत. पहिली पौराणिक. हिच्या मते पांडव अज्ञातवासात प्रत्येक गावात एकेक रात्र मुक्कामाला होते आणि जाताना नाव ठेवून गेले. एवढी गावं करायची तर पांडवांना अज्ञातवास नव्हे, एसटीचा पास लागला असता. दुसरी शाखा ऐतिहासिक. हिचा पुरावा म्हणजे ‘आमच्या आजोबांकडं एक ताम्रपट होता’ आणि तो ताम्रपट हमखास भाऊबंदकीत हरवलेला असतो. दोन्ही शाखांचं एका मुद्द्यावर एकमत असतं : शेजारच्या गावाचं नाव आपल्या गावावरून पडलं.

या मंडळींना एकदा इनामगावला नेऊन आणायला हवं. घोड नदीकाठचं हे गाव याच तालुक्यातलं. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती जमिनीतून वर काढली. घरं मिळाली, धान्य साठवायच्या जागा मिळाल्या, पाण्यासाठी खणलेला पाट मिळाला. सगळ्यांत चक्रावून टाकणारी वस्तू म्हणजे मातीचा एक चारपायी रांजण, आणि त्यात मांडी घालून बसवलेला माणूस. गावातली कुणी मोठी असामी असावी. म्हणजे मानपान तेव्हाही होता. आता गावाचं नाव पाहा : इनामगाव. ‘इनाम’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द, अलीकडच्या काही शतकांतला. तीन हजार वर्षांहून जुन्या गावाच्या कपाळी असं कालपरवाचं नाव! मूळ नाव सांगू शकला असता तो रांजणातला गृहस्थ. पण तो पुरातत्त्ववाल्यांशीही बोलला नाही, तर ग्रामसभेत काय बोलणार? ज्यांचं खरोखर मूळ नाव होतं त्यांनी मागे पाटी ठेवली नाही, आणि ज्यांच्याकडे पाट्याच पाट्या आहेत ते मूळ नाव शोधताहेत.

नाव बदलूच नये, असं आमचं म्हणणं नाही. हुतात्मा राजगुरूंच्या खेडाचं राजगुरुनगर झालं, ते योग्यच झालं. तालुका मात्र खेडच राहिला, म्हणजे आपल्याकडे आदरालाही हद्द असते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायचं ठरवलं, तेही बरं झालं. जुन्या कारकुनाच्या खरेपणात माणसाची जात पत्त्यावर टांगायची खोड होती आणि ती पुसलीच पाहिजे. मात्र पाटी बदलल्यावर त्या वस्तीच्या नळाला पाणी किती वाजता येतं, हे विचारायला कुणी जात नाही. कोनशिलेवर समता आली की पुढचं काम झालं, असं आपण धरून चालतो.

आमची तक्रार आहे ती तिसऱ्या प्रकाराबद्दल. नगर रस्त्यानं वाघोली सोडून पुढे या. उसाच्या फडाशेजारी पत्र्याची कमान, कमानीवर ‘ग्रीन व्हॅली’. आत हिरवं आहे ते कमानीला लावलेलं प्लास्टिकचं गवत. ‘रिव्हर व्ह्यू’मधून नदी दिसते, पण ब्रोशरमध्ये. ‘लेक सिटी’तलं तळं पावसाळ्यात तळमजल्यावर भरतं. ‘पुण्यापासून फक्त वीस मिनिटं’ हेही आता एक स्थळनामच झालंय. शिक्रापूरच्या चाकण चौकात सिग्नलला अडकलेल्या माणसाला हे वाक्य वाचून दाखवू नये, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होतो. आणि गावाच्या वेशीवरच्या स्वागत-कमानीत वर दिवंगत नेते, खाली विद्यमान नेते, दोन्ही बाजूंना भावी नेते आणि या सगळ्यांच्या चपलांपाशी बारीक अक्षरांत गावाचं नाव. परका माणूस वाचतो आणि समजतो की हे गाव कुणा ‘सौजन्य’ नावाच्या गृहस्थाचं.

म्हणून आमची सरकारला नम्र सूचना आहे. त्या जुन्या कारकुनाची पद्धत पुन्हा सुरू करा. गावांची नावं तीच ठेवा, शेपटं चालू काळाची लावा. शिक्रापूर खोळंबा. सणसवाडी कंटेनर. पाबळ टँकर. जांबूत-पिंपरखेडच्या ऊसपट्ट्याला ‘बिबट’ लावा. ते वाचून तिथं कुणाला हसू येणार नाही, पण मुंबईत फाईल उघडणाऱ्याला निदान पहिल्या ओळीत कळेल की संध्याकाळी पोर अंगणात पाठवायला तिथली आई का घाबरते. जिथं गायरानावर रातोरात गुंठे पडलेत तिथं ‘प्लॉटिंग’ लावा. थोरल्या वादाला ‘शिवतक्रार बुद्रुक’ आणि धाकट्याला ‘शिवतक्रार खुर्द’ अशी विभागणी करा. भाऊबंदकी पाहता खुर्दांची संख्या वाढेल, पण मोजणी खात्याची सोय होईल.

ही सूचना आम्ही एका जाणकाराला दाखवली. सगळी शेपटं त्यांना पसंत पडली, एकच सोडून. म्हणाले, ‘बाकी काय लावायचं ते लावा, पण दुमाला हा शब्द नव्यानं कुठल्या गावाला लावू नका. रद्द समजा.’

आम्ही म्हटलं, ‘का हो? महसूल आता दोघांत वाटला जात नाही का?’

ते म्हणाले, ‘जातो की. पण पाटीवर लिहायचं म्हटलं तर दुसऱ्याचं नाव विचारतील.’