पैसे वसूल

टीव्ही बघायला पोस्टातून परवाना काढावा लागे, त्या काळातली ही गोष्ट. वर्षाला पन्नास रुपये. आमच्या अण्णांनी ते भरले आणि पोस्टाच्या पायऱ्या उतरता उतरताच हिशेब केला. दिवसाला जवळजवळ चौदा पैसे. संध्याकाळचे साधारण चार तास कार्यक्रम धरले तर तासाला साडेतीन पैसे. घरी येऊन चपला काढायच्या आधी त्यांनी जाहीर केलं, ‘‘आता लागेल ते बघायचं. बंद टीव्ही म्हणजे तासाला साडेतीन पैसे पाण्यात.’’

यात टीव्हीची किंमत धरलेली नव्हती. ती धरली असती तर आम्हाला जेवायलाही उठू दिलं नसतं.

खरं तर टीव्ही घेण्याच्या ते विरोधात होते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावर टॉवर उभा राहिला आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. तेव्हापासून अण्णांचं मत ठाम होतं, की टीव्ही ही दुसऱ्याच्या घरी बघायची वस्तू आहे. त्याप्रमाणे आम्ही समोरच्या वाड्यात जाऊन सतरंजीवर बसत होतो. पण एका रविवारी हिंदी सिनेमा ऐन रंगात आलेला, प्रेत सापडलेलं, इन्स्पेक्टर जिना चढतोय आणि यजमान म्हणाले, ‘‘आमची झोपायची वेळ झाली.’’ खट्. अण्णा त्या रात्री बराच वेळ गॅलरीत फेऱ्या मारत होते. खून कुणी केला हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या वर्षीच्या, म्हणजे १९७९ च्या दिवाळीचा बोनस, आईचे भिशीचे पैसे आणि ऑफिसच्या सोसायटीचं कर्ज असं जुळवून आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला. त्याला लाकडी शटर होतं, शटरला कुलूप होतं आणि किल्ली आजीच्या कनवटीला होती.

अँटेना बसवणं हा टीव्हीपेक्षा मोठा कार्यक्रम होता. छप्पर मालकांचं, भाडं जुनं, त्यामुळे बोलणं बंद. एखादं कौल फुटलं तर थेट कोर्ट. अखेर तह झाला, की अँटेना कौलांवर राहील आणि त्या बदल्यात मालक रोज पहिल्या रांगेत खुर्चीवर बसतील. पुण्यातल्या वाड्यांच्या इतिहासात भाडेकरूनं मालकाला जागा दिल्याचं हे एकमेव उदाहरण असावं.

मग सिंहगडाची दिशा. ऊन-पावसात वर चढून दांडा फिरवणारा मी, खिडकीत निरोप्या म्हणून बहीण आणि पडद्यासमोर अण्णा. ‘‘आलं, आलं! गेलं. मागे फिरव. अरे, मागे म्हणजे खडकवासल्याकडे!’’ पडद्यावरच्या मुंग्या हटून माणसं दिसेपर्यंत हे चाले. तानाजीनंतर सिंहगडावर इतकं लक्ष पुणेकरांनी त्या काळातच दिलं असेल. आणि एवढं करून मी खाली उतरलो की अँटेनावर कावळा येऊन बसे.

आता वसुली. संध्याकाळी अण्णा ऑफिसातून येत, हातपाय धूत आणि दूरदर्शनचा तो गोल फिरायला लागायच्या आधी कुलूप उघडून बसत. ती धूनसुद्धा त्यांनी कधी सोडली नाही. चार तासांत तीही आली. चिमणराव आणि गुंड्याभाऊ सगळेच बघत. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव पडद्यावर आला की रस्त्यात कुत्रंही नसे. ‘गजरा’ बघायला, ‘छायागीत’ बघायला कुणाला आग्रह करावा लागत नव्हता. अण्णांचा कस लागे तो इतर वेळी. ‘कामगार विश्व’ आम्ही बघितलं. ‘संताकुकडी’ हा गुजराती कार्यक्रम होता, तोही बघितला. त्यातलं अण्णांना काही कळत नसे, पण कळलं नाही म्हणून पैसे परत मिळणार नव्हते. आजीला मात्र सगळं कळायचं. ‘‘सासू-सुनेचं चाललंय,’’ ती सांगे. प्रत्यक्षात तिथे दोन पुरुष बोलत असत.

पण या वसुलीचं खरं पीक निघालं ते ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमातून. आमच्या घराण्याच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही. सातबारा मी पहिल्यांदा पाहिला तो दुसऱ्याचा. तरी दर संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही मांडी घालून द्राक्षावरची भुरी समजून घेत होतो. अण्णा वही घेऊन बसत. भुरीला गंधक. केवड्याला बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि कळीचा चुना. कपाशीवरची बोंडअळी, उसाची लागण, शेळीचा चारा, सगळं तारखेनिशी. शाळेत मला निबंधाला ‘माझा आवडता पक्षी’ आला तेव्हा मी गावठी कोंबडीचं लसीकरण लिहून आलो होतो.

आईचे भाऊ, म्हणजे आमचे मामा, नारायणगावला खरोखरची द्राक्षं लावणारे. ते एकदा मुक्कामाला आले. जेवताना अण्णांनी त्यांची छाटणी कशी चुकते आहे हे समजावून सांगायला सुरुवात केली. मामा भला माणूस. दोन भाकऱ्या होईपर्यंत ऐकून घेतलं, मग ताटावरून नजर न काढता विचारलं, ‘‘भावजी, तुमची बाग कुठं म्हणायची?’’

अण्णांनी गॅलरीतल्या तुळशीकडे बोट दाखवलं. तिथंही ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण मामा गेल्यावर त्या तुळशीची पानं जरा पिवळी दिसली म्हणून त्यांनी तिच्यावर बोर्डो मिश्रण मारलं. तुळस निळी पडली. आईनं दोन दिवस त्यांना चहा दिला नाही.

चहावरून आठवलं. शेजारीपाजारी टीव्ही बघायला आले की बाकीच्या घरांतून कपाळाला आठ्या पडत. अण्णांचं उलट. बघणारे जितके जास्त तितका दरडोई खर्च कमी, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात उमगलं. रविवारी सिनेमाच्या आधी ते जिन्यात उभे राहून माणसं गोळा करत. तळमजल्यावरच्या काकू, त्यांचे पाहुणे, पेपर टाकणारा मुलगा. एकदा तर वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी बसवून घेतलं. पुढे मालक खुर्चीवर, मागे आम्ही, दारात उभी असलेली, जिन्यात बसलेली. ‘‘आज माणशी पाव पैसासुद्धा पडला नाही,’’ असं ते रात्री समाधानानं म्हणाले, तेव्हा आई कपबश्या विसळत होती. ती म्हणाली, ‘‘आता चहाचं दरडोई काढा.’’ अण्णांनी ते काढलं. त्यानंतर चहा फक्त मालकांना मिळू लागला, कारण वर अँटेना होती.

आईचा आवडता कार्यक्रम ‘व्यत्यय’ हा होता. पाटी लागली की तिची भाजी फोडणीला पडे, कुकर चढे, दोन कपडे पिळून होत. अण्णांना ती पाटी सहन होत नसे. वहीच्या मागच्या पानावर ते व्यत्ययाची मिनिटं मांडून ठेवत. वर्षाअखेरीस बेरीज करून परवान्यातून तेवढी रक्कम वजा व्हावी, असा अर्ज त्यांनी संबंधित अधिकाऱ्यांकडे रीतसर टंकलिखित करून पाठवला. उत्तर आलं नाही. अर्जाला लागलेलं पोस्टेज त्यांनी मग व्यत्ययाच्याच खात्यावर टाकलं.

१९८२ च्या एशियाडला रंगीत टीव्ही आले. आमच्यासमोर तोच सतरंजीवाला वाडा पुन्हा पुढे गेला. अण्णा म्हणाले, ‘‘बातमी तीच, रंगाचे पैसे कशाला?’’ पण चार दिवसांनी ते पडद्यावर लावायचा प्लास्टिकचा कागद घेऊन आले. वरती निळा, मध्ये केशरी, खाली हिरवा. डोंगर, आकाश आणि शेत असलं की ठीक दिसे. बातम्या देणाऱ्या बाईंचे केस मात्र निळे, चेहरा केशरी आणि साडी रोज हिरवी. सिनेमातला नायक गोळी लागून पडला की पडता पडता तीनही रंगांतून जाऊन हिरवा होई. आजीचा या कागदावर एवढा विश्वास बसला, की समोर जाऊन खरा रंगीत टीव्ही बघून आल्यावर तिनं शेरा दिला, ‘‘त्यांचा बिघडलाय. माणसांचे केस काळे दिसतात.’’

असं सगळं सुरळीत चाललं असताना ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारनं टीव्हीचा परवानाच काढून टाकला. घरोघरी आनंद झाला. आमच्याकडे अण्णा खुर्चीत नुसते बसून राहिले. दिवसाला चौदा पैसे गेले आणि त्यांच्याबरोबर बघण्याचं कारणही गेलं. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून आले, हातपाय धुतले आणि पेपर उघडून बसले. ‘‘फुकटच आहे,’’ म्हणाले, ‘‘बघू कधीतरी.’’ वही रद्दीत गेली. शेतकऱ्यांना सल्ला मिळायचा बंद झाला.

जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी वाडा हात जोडून आमच्या खोलीत. पण अण्णा आले नाहीत. पुणं मोकळं आहे, सलूनमध्ये नंबर लावावा लागणार नाही, असा विचार करून ते दाढीला गेले. नंबर नव्हताच. सलूनवालाही नव्हता. तो वस्तरा हातात घेऊन कोपऱ्यातल्या टीव्हीसमोर बसला होता. अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक त्याच्या शेजारी. अण्णांनाही बाकावर बसावं लागलं, आणि दाढी शेवटचं नाव पडद्यावरून गेल्यावर झाली.

घरी येऊन गालावरून हात फिरवत ते म्हणाले, ‘‘दाढीच्या पैशात रामायण. परवडलं.’’

त्यानंतर मालिका संपेपर्यंत, म्हणजे जुलै १९८८ पर्यंत, ते दर रविवारी तिथंच दाढीला जात.