गिअर पडला का?

बोटीला ब्रेक नसतो, हे बोट घेणाऱ्याला आधी कुणी सांगत नाही. थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा, पंखा उलटा फिरवायचा आणि पाणी आपल्याला धरेल या भरवशावर राहायचं. त्यातून पंखा उजवीकडे फिरणारा असेल तर रिव्हर्समध्ये बोटीचा मागचा भाग डावीकडे सरकतो. म्हणजे थांबतानाही ती सरळ थांबत नाही. गिअरबॉक्स बिघडली की मोटार नुसती चालेनाशी होते. बोट थांबेनाशीही होते. आणि तेही नेमकं धक्क्यापाशी, जिथे शेजारच्या बोटींवर मंडळी खुर्च्या टाकून बसलेली असतात.

आमच्या भावोजींची बोट मेरीलँडमध्ये, चेसापीक उपसागराच्या एका फाट्यात बांधलेली असते. १९७८ सालची, एका पेट्रोल इंजिनाची. इंजिन आणि शाफ्ट यांच्यामध्ये बोर्ग-वॉर्नरची व्हेल्व्हेट ड्राइव्ह गिअरबॉक्स. अमेरिकेतल्या त्या काळच्या बोटींचं झाकण उचललं की पुष्कळदा हीच दिसते. आत तेलाचा पंप, तेलाच्या दाबानं एकमेकींना आवळून धरणाऱ्या क्लचच्या चकत्या आणि प्लॅनेटरी गिअर. दणकट काम. माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली, त्यामुळे असल्या वस्तूकडे बघताना मला थोडं गहिवरून येतं. ताईला ते आवडत नाही.

त्या उन्हाळ्यात मी ताईकडे गेलो, तेव्हा बोटीचं दुखणं मुरलेलं होतं. थंड असताना सगळं ठीक. तासभर फिरून तेल तापलं की लीव्हर पुढे टाकल्यावर काही क्षण काहीच व्हायचं नाही, मग धाडकन गिअर पडायचा. पुढे पुढे तर इंजिन नुसतंच किंचाळायचं. आरपीएमचा काटा वर आणि बोट जागच्या जागी.

भावोजींचं निदान ठरलेलं होतं. “ट्रान्समिशन गेलं रे.” हे सांगताना त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण नुसतं दुःख नव्हतं. मोठ्या दुखण्याला समाजात मान असतो. महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत लोक आपणहून चौकशी करत होते. गिअरबॉक्स उतरवून नव्यानं बांधायला किती हजार डॉलर लागतील याचे अंदाज बटाटेवड्यांबरोबर फिरत होते. वायसर सैल झाला असं सांगितलं असतं, तर कुणी वळूनही बघितलं नसतं.

आमच्या वर्कशॉपात एक शिस्त होती. आधी फुकटातलं बघायचं, मग स्वस्तातलं, आणि साहेबांची सही लागेल ते सर्वांत शेवटी. मी भावोजींना म्हटलं, “तुम्ही फक्त लीव्हर धरा, मी खाली बसतो.”

खाली बसण्याआधी ब्लोअर चार मिनिटं चालवावा लागतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या पोटात साठून राहते आणि एका ठिणगीची वाट बघते. भावोजींना ही चार मिनिटं फार लांब वाटतात. मला मात्र सबंध नौकानयनातली ती सर्वांत शहाणी चार मिनिटं वाटतात, कारण तेवढ्या वेळात कुणालाच काही करता येत नाही.

मग दोर घट्ट बांधून, तेल तापल्यावर, गिअर टाकून शाफ्ट बघितला. शाफ्ट फिरतोय आणि बोट हलत नाही, तर दोष पंख्याचा. शाफ्टच रेंगाळतोय, तर दोष त्याच्या अलीकडचा. आमचा रेंगाळत होता. इंजिन बंद करून लगेच डिपस्टिक काढली. उशीर केला तर कूलरमधलं तेल परत उतरतं आणि पट्टी खोटं बोलते. आता वैद्यानं नाडी धरावी तसं तेल बघायचं: रंग, वास, बोटांमधला चिकटपणा. या गिअरबॉक्सचं तेल मुळात लाल. ते गुलाबी, दुधाळ झालं असेल तर कूलरची नळी कुजून खारं पाणी आत शिरलंय. काळं पडून करपट वास येत असेल तर चकत्या जळताहेत. आमचं तेल लालच होतं, जरा सावळं. वासाबद्दल मतभेद झाले. भावोजींना तो करपट वाटला. ताईच्या मते तो भावोजींच्या शर्टाचा होता.

मग मी केबल सोडली. सुकाणूपाशी लीव्हर हलवला की केबल गिअरबॉक्सवरचा छोटा लीव्हर ओढते. त्या छोट्या लीव्हरच्या मागे स्प्रिंगवर बसलेली एक पोलादी गोळी असते आणि प्रत्येक गिअरला एक खाच. गोळी खाचेत पूर्ण बसली तरच तेलाचा पूर्ण दाब चकत्यांवर येतो. अर्धवट बसली, तर चकत्या घसरतात, तापतात, झिजतात. गार, दाट तेल हे काही वेळ झाकून नेतं; तापून पातळ झालं की बिंग फुटतं. हातानं लीव्हर ढकलला, “टक्” झालं आणि गिअर तत्काळ पडला. केबल जोडून ढकलला, तर लीव्हर खाचेच्या जरासा अलीकडेच थांबला. केबलचं आवरण धरणारी पकड सैल झाली होती.

मला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या जुन्या लाँच आठवल्या. तिथे वर सारंग सुकाणू धरून घंटेची दोरी ओढायचा आणि खाली धुरात बसलेला इंजिन ड्रायव्हर घंटा ऐकून हातानं गिअर टाकायचा. ही केबल म्हणजे त्या माणसाची बदली. तो गिअर पडला नाही तर वर ओरडून सांगायचा, शिव्यांसकट. केबल गप्प बसते.

पकड आवळली, केबलच्या टोकाचे आटे फिरवून लांबी जुळवली, पुढचा आणि मागचा दोन्ही गिअर खाचेत बसतात हे दहादा ऐकून घेतलं, तेल बदललं. चकत्यांनी मधल्या काळात किती सोसलं ते सांगता येणार नव्हतं, पण बोट तापल्यावरही चालली, आणि मुख्य म्हणजे धक्क्याला लागताना थांबली. खुर्च्यांवरच्या मंडळींची निराशा झाली असावी.

भावोजींची त्याहून जास्त झाली. संध्याकाळी मंडळातल्या कुणाचा तरी फोन आला आणि ते गंभीरपणे म्हणाले, “हो, ट्रान्समिशनचं काम काढलं होतं. झालं एकदाचं.”

ताई आतून ओरडली, “अहो, वायर ओढली म्हणून सांगा की!”

फोनवर हात ठेवून ते माझ्याकडे वळले. “केबल हा ट्रान्समिशनचाच भाग नाही का रे?”

मी हो म्हटलं. जॉबकार्डवर आम्हीही असंच लिहायचो.