आधी दार बघा, मग स्टेज

गर्दी म्हणजे काय, हे वडीगोद्रीला कुणी शिकवायला नको. जालना-अंबडहून येणारा रस्ता इथं धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. शेजारच्या अंतरवाली सराटीत १४ ऑक्टोबर २०२३ रोजी शंभर एकरांहून मोठ्या मैदानावर मनोज जरांगे पाटील यांची सभा झाली, तेव्हा हा महामार्ग गाड्यांनी भरून गेला होता. जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षणासाठी वडीगोद्रीतच उपोषणाला बसले, तेव्हाही माणसांची रीघ लागली. मागण्या वेगळ्या, झेंडे वेगळे. फाटा मात्र तोच, आणि घरी वाट बघणाऱ्या आईच्या जिवाची घालमेलही तीच.

त्याच आईची लेक आता छत्रपती संभाजीनगरात नाहीतर पुण्यात शिकते. आवडत्या गायकाच्या मोठ्या कार्यक्रमाचं तिकीट तिनं काढलंय. घरातून फोनवर एकच उत्तर येतं: "काही गरज नाही. मोबाइलवर बघ."

आईची भीती शंभर टक्के खरी आहे. उत्तर मात्र चुकलं.

भिणाऱ्याला हसण्याचा अधिकार निदान महाराष्ट्राला तरी नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारी मोर्च्यात ११४ जीव गेले, त्यांत बायका आणि लेकरं जास्त. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात ३९. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातल्या मांढरदेवला काळूबाईच्या यात्रेत सुमारे ३००. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी १४. गाणं ऐकायला गेलेलेही सुटले नाहीत. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेरची पोरं आडोशासाठी आत घुसली आणि दारामागच्या उतरत्या पायऱ्यांवर चौघांचा जीव गेला. अमेरिकेत ह्यूस्टनला ५ नोव्हेंबर २०२१ च्या अॅस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात दहा गेले. सर्वांत लहान नऊ वर्षांचा होता.

आता या यादीकडे नीट बघा. देव वेगळे, नेते वेगळे, गाणी वेगळी. खारघरला माणसं मारली ती उन्हानं, सावलीची सोय नसल्यामुळे. बाकी बहुतेक ठिकाणी गोष्ट एकच: चिंचोळी जागा, उतार किंवा पायऱ्या, बाहेर पडायला अपुरी वाट आणि मागून येणाऱ्याला पुढचं काहीच न दिसणं. आपण घरात बसून भितो ते बॉम्बला, गुंडांना, अनोळखी माणसांना. जीव घेते ती वाट. भीतीला एकदा हा खरा पत्ता मिळाला, की तिचं काय करायचं तेही सुचतं.

गर्दीत माणूस मरतो कसा, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. बहुतेकांना वाटतं, पायाखाली तुडवला जाऊन. खरं तर अनेक जण उभ्या उभ्या जातात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेत चार माणसं असतील तर अंग चोरून चालता येतं. पाचाच्या पुढे पाय आपले राहत नाहीत. सहा-सात झाली की गर्दीत लाटा उठतात. एका टोकाला बसलेला धक्का दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि कितीही ताकदीचा पैलवान असला तरी त्याला थोपवता येत नाही. जिनिंगमध्ये कापसाची गाठ दाबतात तशी छाती दाबली जाते. आत घेतलेला श्वास सोडता येतो, पुढचा घेता येत नाही. काही मिनिटांत सगळं संपतं.

म्हणून दुर्घटनेनंतर 'लोक बेभान झाले', 'हुल्लडबाजी झाली', 'अफवा पसरली' असं निवेदन आलं, की ते तिथल्या तिथे नाकारा. अफवेनं माणसं पळतील. पळायला वाट असेल तर पळून वाचतीलही. वाट नव्हती, म्हणून मेली. मेलेल्यांच्या माथी दोष मारणं हे आयोजकांसाठी सर्वांत स्वस्त काम आहे, आणि आपण ते वर्षानुवर्षं खपवून घेतलं.

सेऊलच्या इतेवानमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री एका उतरत्या बोळातल्या चेंगराचेंगरीनं १५९ बळी घेतले. बहुतेक तरुण. माणसं चेंगरू लागली ती रात्री सव्वादहाच्या सुमाराला. 'इथं कुणीतरी मरेल' असं सांगणारा पहिला फोन पोलिसांना संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी गेला होता. जवळजवळ चार तास आधी! त्यानंतरही फोन येत राहिले. गर्दी बोलत होती. ऐकणारं कुणी नव्हतं.

याच्या उलट रीत आपल्या मातीत आहे. माउलींच्या पालखीबरोबर लाखो माणसं आळंदीहून पंढरपूरला चालतात. प्रत्येक दिंडीला क्रमांक, रथापुढे कोण आणि मागे कोण हे ठरलेलं. संध्याकाळी तळावर समाज आरतीला सगळे जमतात. चोपदार चोप उंच करतो आणि तो अफाट समुदाय गप्प होतो. एखाद्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल, तर ती दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, मगच पुढचं सारं. गर्दी सांभाळण्याची विद्या याहून वेगळी नाही: प्रत्येकाला जागा, प्रत्येकाला सोबत, आणि गर्दीला बोलता येईल अशी सोय. ही विद्या बिनशिकल्या वारकऱ्यानं जपली. लाखोंची ध्वनियंत्रणा लावणाऱ्या आयोजकाला ती जमत नसेल, तर त्यानं माणसं गोळा करू नयेत.

ह्यूस्टनला मात्र 'मोठी दुर्घटना झाली' असं अधिकाऱ्यांनी जाहीर केल्यावरही अर्ध्या तासाहून अधिक काळ गाणं चालूच राहिलं. तमिळनाडूत करूरला २७ सप्टेंबर २०२५ रोजी अभिनेता-नेता विजय यांच्या सभेसाठी लोक तासन्‌तास तिष्ठत होते. ४१ जण परत गेले नाहीत. आपल्याकडे पाहुणा दोन तास उशिरा आला की त्याचं वजन वाढतं. हा मान आता काढून घ्या. उन्हात, तहानेनं थकलेली गर्दी दर तासाला अधिक धोक्याची होत जाते. उशिरा येणारा माणूस मोठा नसतो, बेफिकीर असतो.

आता कार्यक्रमाला निघणाऱ्याशी दोन शब्द. हे कापून ठेवा.

निघण्याआधी मैदान कुठलं, आत यायला-जायला दारं किती, हे शोधा. प्रवेश फुकट की पासावर, याचा गोंधळ दिसला तर जाऊच नका. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांवर ११ जणांचा जीव गेला, त्यात हा गोंधळ होता. पायांत बंद बूट घाला. ओढणी, उपरणं गळ्याभोवती गुंडाळू नका. पाणी पोटभर पिऊन जा.

पोचलात की स्टेज बघण्याआधी दार बघा. आलात ते एक, आणि त्याखेरीज दुसरं. गडबड झाली की सगळे आलेल्याच दाराकडे धावतात. दुसरं दार बहुतेकदा मोकळं असतं. स्टेजसमोरच्या कठड्यापाशी उभं राहू नका. कडेची जागा धरा, पण भिंतीला चिकटू नका. पत्र्यांवर, झाडांवर, विजेच्या खांबांवर चढणाऱ्याला खाली उतरवा. पत्रा बसला तर खालचेही जातात.

मोठ्या गर्दीत मोबाइलचा काही भरवसा नाही. म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा, तीही फाटकापासून लांब. लहान लेकराच्या खिशात घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. एकट्यानं जाऊ नका. चौघांची का होईना, दिंडी करा.

दोन्ही खांद्यांना दोन माणसं सतत लागायला लागली, हात तोंडापर्यंत नेणं अवघड झालं, की तीच निघायची वेळ. गाणं कितीही आवडतं असो. उशीर झाला आणि अडकलातच, तर दोन्ही हात छातीपुढे मुठी करून धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. ओरडण्यात दम घालवू नका. लाट आली की तिच्याविरुद्ध जोर लावू नका. ती थांबली, की तिरक्या वाटेनं कडेला सरका. मोबाइल पडला तर पडू द्या, वाकू नका. शेजारी पडला तर दोघा-तिघांनी मिळून त्याला लगेच उभं करा. स्वतः पडलात आणि उठता येईना, तर पालथे किंवा उताणे राहू नका. कुशीवर वळा, डोकं हातांनी झाका. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. हे दोन नंबर पाठ हवेत.

कार्यक्रम संपण्याच्या थोडं आधी निघा, नाहीतर संपल्यावर अर्धा तास जागीच थांबा. चेंगराचेंगरी घडते ती बहुधा आत शिरताना किंवा बाहेर पडताना.

आणि घरी परत येतानाचा रस्ता विसरू नका. आपल्या भागात तोच सर्वांत मोठा धोका. मध्यरात्री संभाजीनगरहून निघायचं, डोळ्यांवर झोप, पुढे उसाच्या हंगामात लाल दिवा नसलेली ट्रॉली उभी. गर्दीला भिणारं घर या प्रवासाला मात्र सहज होकार देतं. देऊ नका. नातेवाइकाकडे, मैत्रिणीच्या खोलीवर मुक्काम करा, सकाळी निघा.

काही जणांना गर्दीच्या नुसत्या विचारानं धडधडतं, घाम फुटतो, झोप उडते. ही नाटकं नव्हेत. अशा माणसाला ओढून नेऊ नका आणि कायमचं घरातही कोंडू नका. आधी छोटा कार्यक्रम, कडेची जागा, वाटेल तेव्हा उठून येण्याची मुभा, बरोबर विश्वासाचं माणूस. तरी त्रास होत असेल तर 'टेलि-मानस'च्या १४४१६ या नंबरवर फोन करा. तो फुकट आहे.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. आपल्या घरांत भीतीची कुऱ्हाड कुणावर पडते, ते पाहा. पोरगा यात्रेला जातो, सभेला जातो, डीजेसमोर रात्रभर नाचतो; त्याला कुणी दार कुठं ते विचारत नाही. पोरीनं तिकीट काढलं की जगातली सगळी चेंगराचेंगरी आठवते. हा न्याय नव्हे. काळजी खरी असेल तर ती दोघांची सारखीच करा. दोघांना तेच नियम सांगा आणि दोघांनाही जाऊ द्या. आनंदासाठी हजारोंनी एकत्र येणं ही माणसाची जुनी गरज आहे. यात्रा, उरूस, कीर्तन, तमाशाचा फड यांवर मराठवाडा जगत आला. घरात कोंडून माणूस वाचतो, पण पोरींचं तरुणपण वाया जातं.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं गर्दीच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शिका २०१४ मध्येच काढली आहे. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ येतो आहे. गावोगावी शिवजयंती, भीमजयंती, गणपतीचे कार्यक्रम तर दरवर्षीचेच. परवानगी देणाऱ्यानं आणि वर्गणी मागणाऱ्यानं चार गोष्टी लेखी द्याव्यात: मैदानात माणसं किती मावतात, बाहेर पडायच्या वाटा किती, पाणी-सावली-रुग्णवाहिका कुठं, आणि कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे. या चार ओळी फलकावर पाहुण्यांच्या फोटोंपेक्षा मोठ्या अक्षरांत हव्यात.

तोपर्यंत हे काम आपलं. पोरीला जाऊ द्या. निघताना "जपून जा" एवढ्यावर थांबू नका, "दुसरं दार कुठं आहे?" असं विचारा. तोच प्रश्न आयोजकालाही विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही, तर वडीगोद्रीतून एकाही माणसानं त्याच्या मैदानात पाऊल टाकू नये.