माहिती गोपनीय आहे, कुणालाही विचारा

आपल्याकडे विद्यार्थ्याची माहिती अत्यंत गोपनीय ठेवतात. फक्त कोणापासून, एवढं नीट समजून घ्यायला हवं. शेजाऱ्यांपासून नाही, मावशीच्या नणंदेपासून नाही, कोचिंग क्लासवाल्यांपासून तर नाहीच नाही. ती ठेवतात विद्यार्थ्यापासून.

परंपरा जुनी आहे. आमच्या वेळी बोर्डाचा निकाल पेपरात यायचा. नाव नाही, गाव नाही, ओळीने नुसते नंबर. पण वाड्यातल्या प्रत्येक परीक्षार्थीचा नंबर वाड्यातल्या प्रत्येकाला पाठ असे. ज्याचा नंबर छापून यायचा नाही, त्याची बातमी पास झालेल्यांच्या पेढ्यांआधी घरोघर पोचायची. नापासांचा नंबर न छापण्यात बोर्डाचा हेतू नाजूक असेलही, वाड्याचा नव्हता.

आता निकाल ऑनलाइन लागतो. बारावीचा निकाल बघायला दोन गोष्टी लागतात, बैठक क्रमांक आणि आईचं पहिलं नाव. ज्या बाईला सगळी सोसायटी जन्मभर ‘पिंट्याची आई’ म्हणूनच हाक मारते तिचं पहिलं नाव खरोखरच गुप्त राहू शकतं, हे बोर्डाच्या बाजूने मान्य करायला हवं. पण भिशीतल्या बायकांना एकमेकींची नावं ठाऊक असतात आणि दुसऱ्यांच्या मुलांचा निकाल बघायची घाई नेमकी त्यांनाच असते.

यंदा पुतणीच्या बी.कॉम.च्या प्रवेशासाठी तिच्याबरोबर हिंडायचं काम माझ्याकडे आलं. भाऊ-वहिनी दोघंही नोकरीत आणि मी निवृत्त. निवृत्त माणसाला घरात आपोआप कागदपत्रांचं खातं मिळतं. फॉर्ममध्ये जात, पोटजात, रक्तगट, वडिलांचं उत्पन्न, आईचं उत्पन्न, आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक असं सगळं विचारलेलं. स्थळ बघायला आलेले लोकही इतकं खोलात शिरत नाहीत आणि शिरलेच तर आधी पोह्यांना चांगलं तरी म्हणतात.

फॉर्म घरबसल्या भरता येतो असं कॉलेज म्हणतं. पण फोटो अमुक केबीच्या आत, सही तमुक केबीच्या आत, या पायरीवर घर संपतं आणि झेरॉक्सचं दुकान सुरू होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर ‘ॲडमिशन’ नावाचा एक फोल्डर आहे. त्यात गल्लीतल्या यच्चयावत मुलांची आधार कार्डं, जातीचे दाखले आणि मार्कशीटं सुखाने नांदतात. पासवर्डच्या रकान्याशी आलो तेव्हा पुतणी विचारात पडली. तो म्हणाला, “जन्मतारीख टाका ताई, सगळे तेच टाकतात. नंतर विसरलात तर मी आहेच.” मग त्याने प्रिंट दिली आणि मशीनमधून भलत्याच मुलाचा उत्पन्नाचा दाखला बाहेर आला. त्याने तो उजेडात धरून सावकाश वाचला. “तुमचा नाही ना? असू दे, येईल तो.” आणि आमच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंना म्हणाला, “एवढंसं उत्पन्न, आणि पोराकडे फोन बघा!”

मग विषयांची नोंदणी. नव्या शैक्षणिक धोरणाने बहुतेक कॉलेजांतली मुलं २०२४-२५पासून विषय घेत नाहीत, आद्याक्षरं घेतात. मेजर आणि मायनर एकवेळ कळतं. पुढे ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. यातला ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, तो दुसऱ्या शाखेतला घ्यायचा. कॉमर्सच्या मुलीने थोडं विज्ञान, थोडं साहित्य चाखावं, हा हेतू खरोखर उमदा आहे. मुलं मात्र सीनियरला एवढंच विचारतात, “कुठल्याला मार्क सुटतात?” मार्क सुटणारा विषय पोर्टल उघडताच भरतो. आमचा ओटीपी गेला भावाच्या मोबाइलवर आणि भाऊ लोकलच्या दारात, दोन्ही हात दांडीला. तो डोंबिवलीला उतरेपर्यंत योगाभ्यास भरला, आहारशास्त्र भरलं. पुतणीच्या वाट्याला खगोलशास्त्राची ओळख आली. वहिनी म्हणाली, “असू दे, पत्रिका तरी बघता येईल.” पुतणीने तिला खगोलशास्त्र आणि ज्योतिष यातला फरक समजावून सांगितला. हे या विषयाचं आमच्या घरातलं पहिलं आणि बहुधा शेवटचं व्याख्यान.

मिळवलेली क्रेडिट्स ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. २०२१मध्ये निघालेली ही बँक क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत सांभाळते. खातं आधारशी जोडायचं असतं. आता बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं आणि आधारवर शेवटचं. त्यामुळे बँकेच्या लेखी आमच्या घरात दोन मुली झाल्या, बारावी झालेली एक आणि आधार असलेली दुसरी. शिकायचं दोघींपैकी कोणी, हा प्रश्न आठवडाभर अनिर्णीत राहिला.

कागदपत्रांची पडताळणी कॉलेजच्या हॉलमध्ये होती. टेबलामागच्या मॅडमनी मान वर न करता विचारलं, “नॉन-क्रिमीलेयर कुणाकुणाचं राहिलंय?” पाच-सहा हात वर गेले. हॉलने त्या पाच-सहा जणांची नोंद घेतली. आमच्या पुढच्या मुलाच्या शिक्षणात एका वर्षाचा खंड होता.

“गॅप का पडला?”

“आजारी होतो, मॅडम.”

“काय झालं होतं?”

मुलगा पुटपुटला.

“मोठ्याने बोल रे.”

“कावीळ!”

रांग क्षणभर स्तब्ध झाली आणि मग मागून एका पालकांनी कर्जतकडचा एक वैदू सुचवला, दुसऱ्यांनी उसाचा रस. कॉलेजचे शिपाईमामा म्हणाले, “आता कशी आहे भूक?” मुलाची भूक उत्तम होती. त्याचं गॅप सर्टिफिकेट तेवढं चुकलेलं निघालं.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७मध्ये एकमताने सांगितलं. २०२३मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाही झाला. अठराच्या आतल्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद त्यात आहे. फॉर्मच्या तळाशी ती संमती घेतातही. ‘मी सहमत आहे’ या चौकोनावर खूण केल्याखेरीज खालचं बटण उजळत नाही. असहमत असणाऱ्याचं शिक्षण बारावीपर्यंत पूर्ण झालं असं समजतात.

सांगलीच्या माझ्या मित्राचा अनुभव याच्या अगदी उलट. मुलगा अमेरिकेत शिकायला आहे आणि कर्ज मित्राच्या नावावर. पहिल्या सत्राचे मार्क कळेनात म्हणून त्याने थेट विद्यापीठाला पत्र लिहिलं. उत्तर सौजन्याने ओथंबलेलं, पण मार्क नाहीत. तिकडे १९७४पासून कायदा आहे, फर्पा. बकली नावाच्या सिनेटरने आणलेला. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या नोंदींवरचा आईवडिलांचा हक्क त्याच्याकडे जातो. वय कितीही असो. त्याने लेखी संमती दिली तर सांगतील. तो पालकांवर अवलंबून आहे, असं तिथल्या आयकराच्या कागदांत दिसत असेल तरी विद्यापीठाला सांगता येतं. पण मित्र आयकर भरतो सांगलीत.

“म्हणजे हप्ते मी भरायचे आणि मार्क ह्याची खासगी मालमत्ता?” मित्र संतापला. “आमच्या वेळी मास्तर रस्त्यात थांबवून अण्णांना सांगायचे!” अमेरिकेच्या संसदेने सगळ्या बाजूंचा विचार केला असेल, पण मुलाच्या रूममेटची आई मिरजेला राहते याचा केलेला दिसत नाही. चौथ्या दिवशी ती हळदीकुंकवाला आली आणि मित्राला मुलाचे विषयवार ग्रेड समजले. शिवाय तो भात करपवतो, हेही.

आमच्याकडे अडचण निघाली ती शुल्क भरायच्या दिवशी. लॉगिनला अर्ज क्रमांक लागतो. तो ज्या पावतीवर होता ती झेरॉक्सवाल्याकडे राहिलेली आणि झेरॉक्सवाला लग्नाला गावी गेलेला. शेवटची तारीख. आम्ही कॉलेजच्या खिडकीशी गेलो.

“अर्ज क्रमांक सांगता येणार नाही. विद्यार्थ्यांची माहिती गोपनीय असते.”

“मीच विद्यार्थिनी आहे,” पुतणी म्हणाली.

“कशावरून? आयकार्ड दाखवा.”

“आयकार्ड कधी मिळेल?”

“प्रवेश निश्चित झाल्यावर.”

“आणि प्रवेश?”

“अर्ज क्रमांक टाकून शुल्क भरलंत की लगेच.”

आधार दाखवलं. त्यावर आडनाव शेवटी असल्यामुळे ती दुसरी मुलगी निघाली. मॅडमचा तरी काय दोष? या देशात आपण लिहिलेली आणि दुसऱ्याने तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात आपल्याला बघता येते, हे ठरायलासुद्धा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावं लागलं. निकाल लागला २०११मध्ये. आमच्याकडे संध्याकाळी पाचपर्यंतच वेळ होता.

तेवढ्यात पुतणीचा फोन वाजला. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून तिला रोज फोन करणारा एक क्लासवाला आहे. अकाउंटन्सीत किती पडले आणि इंग्रजीत किती राहिले हे तिच्या बापाआधी त्याला माहीत होतं. एरवी ती फोन कापते. त्या दिवशी उचलला.

“मॅडम, सीए फाउंडेशनची बॅच सोमवारपासून...”

“सर, ते राहू दे. माझा ॲडमिशनचा अर्ज क्रमांक असेल का हो तुमच्याकडे?”

पलीकडे की-बोर्ड खडखडला. “घ्या लिहून.” त्याने क्रमांक सांगितला, परत एकदा वाचून दाखवला आणि म्हणाला, “ओपन इलेक्टिव्ह खगोलशास्त्र घेतलंय तुम्ही. मॅडम, ते शनिवारी सकाळी असतं, आपली बॅच बुडेल. आता लॉगिन करताय ना? होल्ड करतो मी. पासवर्ड जन्मतारीखच असेल.”