49 जणांचे सुखी कुटुंब

मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवड्यांची झाली, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे. आमच्या माहितीतल्या एका कंपनीने कायद्याचा मान राखून हजेरीपट 49 वरच थांबवला. (उरलेले तीसेक जण कंत्राटी, चहा मात्र तेही पितात.)

रजेवरून परतलेल्या बाईंची सोय चोख होती. स्टेशनरीच्या कपाटामागे, टोनरच्या खोक्यांना खेटून, दूध काढायला पडद्याआडची खुर्ची. नोंदणी आदल्या दिवशी. बाळाने आपली भूक लंच टाइमशी जुळवून घ्यावी, असे परिपत्रकही निघणार होते.

बाईंनी राजीनामा दिला. निरोप समारंभात साहेब गहिवरले, सागवानी पाळणा भेट दिला. दुसऱ्या दिवशी जाहिरात आली : ‘एक जागा भरणे आहे. महिलांना प्राधान्य. अविवाहित असल्यास उत्तम.’